बोरघाटाचा जुना रस्ता : बाद झालेले तुकडे, त्यांची कागदपत्रं आणि जमिनीवरची ओळख

सह्यवाट :

मुंबई-पुणे प्रवासाचा विषय निघाला की बोलणं लगेच द्रुतगती मार्गावर जातं. हा धागा जुन्या रस्त्याबद्दल आहे. त्याचे तुकडे द्रुतगती मार्गाच्या बाजूला, खाली आणि काही ठिकाणी थेट त्याच्या पोटात गेले आहेत. खोपोली ते खंडाळा या बोरघाटाच्या एवढ्याशा टप्प्यात निदान चार पिढ्यांचे रस्ते एकमेकांना छेदत पडलेत, आणि लोक सगळ्यांना सरसकट "ब्रिटिशांचा जुना रस्ता" म्हणतात. ते आधी वेगळे करायला हवेत.

पहिली पिढी पायवाटेची आणि बैलतांड्यांची. कार्ले-भाजे लेणी, राजमाची, लोहगड हे सगळं याच वाटेच्या आसपास आहे. खोपोलीचा तलाव आणि महादेवाचं देऊळ नाना फडणवीसांच्या काळातलं, घाट चढण्याआधीच्या मुक्कामाची ती जागा. १७७८ च्या शेवटी इंग्रजांची फौज पनवेलहून वर आली तेव्हा तोफा चढवण्यासाठी त्यांना वाट फोडत यावं लागलं. पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला या फौजेला मराठ्यांपुढे हार मानून तह करावा लागला, ते सगळ्यांना माहीत आहे. १८०४ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने तोफा नेता येतील अशी वाट करून घेतली.

दुसरी पिढी म्हणजे खरा बांधीव गाडीरस्ता. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते तो खुला झाला, काम कॅप्टन ह्यूजेस यांच्याकडे होतं. मुंबईहून माल होडीने पनवेलला आणि तिथून गाडीने पुण्याला, असा व्यवहार त्यामुळे सुरळीत झाला. या रस्त्याचं सर्वांत जास्त महत्त्व १८५८ ते १८६३ या काळात होतं. रेल्वे खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये आली, खंडाळा ते पुणे १८५८ मध्ये सुरू झालं, पण मधला घाट १८६३ पर्यंत तयार नव्हता. ती पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने याच रस्त्याने वर जात आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत.

तिसरी पिढी मोटारींची. तोच रस्ता रुंद करून, वळणं मोकळी करून, डांबर टाकून राष्ट्रीय महामार्ग ४ झाला. चौथी पिढी २००० ते २००२ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झालेला ९४.५ किमीचा द्रुतगती मार्ग. घाटाच्या मधल्या भागात तो जुन्या महामार्गाच्याच आखणीवर बसवला आहे. म्हणून खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून चढणारा जुना रस्ता वर येऊन द्रुतगती मार्गाला मिळतो, आणि खंडाळ्याजवळ पुन्हा वेगळा होतो. शेवटी २०१० च्या फेररचनेत "४" हा क्रमांकही गेला आणि रस्ता दिल्ली-चेन्नई राष्ट्रीय महामार्ग ४८ मध्ये सामावला.

सांगायचं ते असं की रस्ता एका दिवसात बाद होत नाही. आधी अवजड वाहतूक जाते, मग क्रमांक किंवा दर्जा जातो, मग देखभालीचा पैसा आटतो आणि उरलेलं काम पावसाचं पाणी करतं. मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाऊ देणारी छोटी बांधकामं), मैलाचे दगड, गावनकाशे, नोंदी यांतलं ज्यांना ज्यातलं कळतं त्यांनी इथे लिहावं. बोरघाट नमुना म्हणून घेऊ, पण पद्धत राज्यातल्या कुठल्याही बायपास झालेल्या राज्य महामार्गाला लागू पडेल अशी हवी.

खडीमुरूम :

चांगला धागा. पिढ्या वेगळ्या करायच्या तर पहिलं साधन चढ. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर, खंडाळा ५५० च्या आसपास. म्हणजे ४९० मीटर चढायचे. २० ला १ (२० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर) या चढाने गेलं तर जवळजवळ १० किमी लांबी लागते, आणि उभ्या कड्यावर ती लांबी मिळवायची तर वळणं घ्यावीच लागतात. घाटातली वळणं या हिशेबातून आली आहेत. तुलनेसाठी, रेल्वेने याच उंचीसाठी पावणेसोळा मैल घेतले आणि तरीही काही ठिकाणी ३७ ला १ असा चढ आला.

जमिनीवर मोजायला महागडं यंत्र लागत नाही. १२-१३ मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी, दोन सरळ काठ्या, टेप. नळीत पाणी भरताना एका टोकाने हळूहळू भरायचं. मधे हवेचा फुगा राहिला की सगळं माप चुकतं, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. रस्त्याच्या मध्यावर १० मीटर अंतर टेपने धरा, दोन्ही टोकांना काठी उभी करा, दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीची जमिनीपासून उंची वाचा. फरक ५० सेंमी आला तर चढ २० ला १. असे सलग पाच-सहा टप्पे घ्या, एकाच मापावर निष्कर्ष काढू नका, कारण उखडलेल्या रस्त्यावर एखादा खड्डाच १० सेंमीचा फरक पाडतो. वळणाच्या आतल्या कडेने मोजू नका, तिथे चढ नेहमी जास्त दिसतो.

६ ते ८ ला १ असा चढ आणि मधे दगडी टप्पे असतील तर ती बैलतांड्यांची वाट. १५ ते २० ला १ आणि रुंदी दोन बैलगाड्या जेमतेम ओलांडतील एवढी, तर गाडीरस्ता. भारतीय रस्ते काँग्रेसच्या (रस्त्यांचे मानदंड ठरवणारी संस्था) आजच्या निकषात डोंगरी भागात ५ टक्के म्हणजे २० ला १ हा नेहमीचा चढ, ६ टक्के मर्यादा आणि अपवाद म्हणून ७ टक्के. हेअरपिन (जवळजवळ उलट दिशेला फिरणाऱ्या) वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर. वळणाची त्रिज्या त्याहून लहान असेल तर ती आखणी मोटारीच्या आधीची, किंवा नंतर सोडून दिलेली. जुन्या घाटात मोकळ्या केलेल्या प्रत्येक वळणाच्या आत किंवा बाहेर जुन्या वळणाचा कोयत्यासारखा तुकडा उरतो, आधी तो शोधायचा.

कोवळी_पालवी :

घाटातला अमृतांजन पूल या १८३० च्या रस्त्यावरचाच होता का? अनेक ठिकाणी तो रेल्वेचा पूल म्हणून वाचला आहे.

सह्यवाट :

तारखाच बघा. पूल १८३० चा, कॅप्टन ह्यूजेस यांच्या कामातला. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १८५३ ची आणि बोरघाटातली १८६३ ची. तेव्हा तो रेल्वेसाठी बांधलेला असणं शक्य नाही. गोंधळ होतो कारण जवळच रेल्वेचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढ चढत आलेली गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून उलट दिशेने पुढे निघायची. १९२९ मध्ये नवी आखणी झाली आणि रिव्हर्सिंग बंद पडलं. म्हणजे त्या एका डोंगरसोंडेवर बाद झालेला रस्ता आणि बाद झालेली रेल्वे शेजारी शेजारी आहेत. ओळखायची खूण सोपी आहे : रेल्वेची जुनी आखणी जवळपास एकसारख्या, अगदी सौम्य चढाची आणि लांब वळणांची असते. रस्त्यासारखं आखूड वळण रूळ घेऊ शकत नाहीत.

पुलाचं नाव त्यावरच्या बामच्या जाहिरातीवरून पडलं. द्रुतगती मार्ग त्याच्या कमानीखालून जाई. वळणावर, उतारावर आणि त्यात खांबांमुळे रस्ता आवळलेला, त्यामुळे तिथे कायम कोंडी व्हायची. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत वाहतूक थांबलेली असताना, नियंत्रित स्फोटाने तो पाडला. पाडण्यामागचं वाहतुकीचं कारण मला पटतं. पण असं काम पाडायची वेळ येते तेव्हा प्रत्येक कमानीचं मोजमाप, दगडांच्या थरांची उंची, चुन्याच्या सांध्यांचे नमुने हे आधी नोंदवून लोकांसमोर ठेवलं गेलं पाहिजे. १८३० ची कमान परत बघायला मिळणार नाही.

मोरीकाम :

आता माझ्या आवडीचा भाग. जुना रस्ता शोधायचा असेल तर रस्ता शोधू नका, मोऱ्या शोधा. डांबर खणून नेतात, खडी शेताच्या बांधाला जाते, पण नाल्यावरची कमान कोणी उचलून नेत नाही. निकषाप्रमाणे ६ मीटर लांबीपर्यंत मोरी, ६ ते ६० मीटर लहान पूल, त्यापुढे मोठा पूल. घाटातल्या जुन्या मोऱ्या बहुतेक १ ते ३ मीटर गाळ्याच्या (गाळा म्हणजे दोन भिंतींमधली मोकळी जागा).

मोरीत दोन्ही तोंडांनी डोकवा. अनेकदा एका तोंडाला घडीव काळ्या दगडाची कमान दिसते आणि दुसऱ्या तोंडाला काँक्रीटचा स्लॅब किंवा पाइप. याचा अर्थ रस्ता त्या बाजूला रुंद झाला आणि मोरी लांबवली. दोन बांधकामांतला सांधा कुठे येतो ते टेपने मोजा. कमानीच्या तोंडापासून सांध्यापर्यंतचं अंतर म्हणजे मूळ रस्त्याची कठड्यासकट रुंदी. दगडी बांधकामाचा हा पुरावा कागदापेक्षा भरवशाचा आहे.

मोरी बिघडते तीन कारणांनी, आणि क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी वरच्या तोंडाशी गाळ आणि पालापाचोळा साठतो. गोल पाइप निम्म्यापर्यंत भरला की निम्मी जागा गेलीच, शिवाय तोंडाशी फांद्या अडकल्या की उरलेलीही जाते. मग पाणी रस्त्यावर चढतं, दरीकडच्या साईडपट्टीवरून खाली उडी मारतं आणि भराव पोखरतं. दुसरं, खालच्या तोंडाची तळफरशी उखडते, तळ खरवडला जातो आणि भिंतीचा पाया उघडा पडतो. तिसरं, पिंपळ किंवा उंबर. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी चुन्याच्या सांध्यात पडतं, मुळं कमानीच्या वरच्या भरावात शिरतात आणि दहा-वीस वर्षांत दगड ढकलून देतात.

पिंपळ हाताने उपटू नका. मुळाबरोबर दगड सैल होतो. बुंध्याशी कापा, कापलेल्या ताज्या तोंडाला लगेच तणनाशक लावा, वाळू द्या, मग मेलेली मुळं सांध्यातून काढून सांधे भरा. आणि सांधे भरताना सिमेंट वापरू नका. सिमेंट दगडापेक्षा ताठ, शिवाय आतलं ओल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत ते कडांनी सुटतं आणि दगडाची कडही सोबत नेतं. भिजवून मळलेला चुना १, सुरखी (विटांची भुकटी) १, बारीक वाळू १ हे प्रमाण ठेवा. सांधा २०-२५ मिमी खोल खरवडून, धुऊन, ओला असतानाच भरा आणि आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. कडक उन्हात हे काम केलं तर चुना पांढरी पावडर होऊन गळतो.

मोठ्या नदीवर मात्र हात लावू नये, ते अभियंत्यांचं काम. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. वरून रस्ता व्यवस्थित दिसत होता. पुलाखाली तळाशी काय चाललंय ते वरून कधीच कळत नाही. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून जून २०१७ मध्ये सुरू झाला, आणि त्या घटनेनंतरच राज्यभरच्या जुन्या पुलांच्या तपासणीला वेग आला.

घाटवारा :

@मोरीकाम, गाळ काढायला माणूस आत पाठवावा का? काही गावांत बाद रस्त्याच्या मोऱ्या ग्रामपंचायतीच्या गळ्यात आल्या आहेत.

मोरीकाम :

६०० मिमीच्या पाइपात अजिबात नाही. आत हवा खेळत नाही, साप-विंचू असतात, आणि गाळ एकदम सुटला तर मागे सरकता येत नाही. लांब बांबूने आरपार दोर काढा, दोराच्या मधे जुना टायर किंवा गोणपाटाचा गुंडाळा बांधा आणि दोन्ही टोकांनी आलटून पालटून ओढा. खालच्या तोंडाकडून सुरुवात करायची, म्हणजे सुटलेल्या गाळाला जायला वाट असते. म्हणूनच हल्ली नवीन पाइप मोरी ९०० मिमीपेक्षा कमी ठेवत नाहीत, सफाई करता यावी म्हणून. हे काम मे महिन्यातच उरकायचं. पहिल्या पावसानंतर तोंडाशी जायची वाटच राहत नाही.

गटनकाशा :

कागदाची बाजू मी मांडतो. ज्या तुकड्याचा मालक कोण हे ठरत नाही, त्याच्या मोऱ्या कोणीच साफ करत नाही.

रस्त्यांचं वर्गीकरण डिसेंबर १९४३ च्या नागपूर योजनेपासून चालत आलं. राष्ट्रीय, प्रांतिक (पुढे राज्य), जिल्हा आणि ग्रामीण अशी विभागणी तिथे झाली. त्यानंतर राज्यात १९६१-८१, १९८१-२००१ आणि २००१-२१ अशा रस्ते विकास योजना आल्या. आज आपल्याकडे प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. राज्य महामार्गांना कायद्याचा आधार १९५५ च्या महाराष्ट्र (आधी मुंबई) महामार्ग अधिनियमाचा, आणि राष्ट्रीय महामार्गांना १९५६ च्या अधिनियमाचा. १९५६ च्या कायद्यात केंद्राला रस्ता यादीत घालायचाही अधिकार आहे आणि वगळायचाही.

बायपास झाला की जुना गावातला तुकडा यादीतून वगळतात, मग तो राज्याकडे, तिथून जिल्हा परिषदेकडे किंवा नगरपालिकेकडे जातो. प्रत्येक पायरीवर आदेश निघतो, पण ताबा द्यायचा-घ्यायचा पंचनामा वर्षानुवर्षं लटकतो. देणारा म्हणतो दिला, घेणारा म्हणतो आधी दुरुस्त करून द्या. रस्ता मरतो तो या मधल्या काळात.

शोधायचं असं : माहिती अधिकाराचा अर्ज संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. राज्याच्या नियमात ही मर्यादा आहे आणि अर्ज बहुतेक इथेच अडतात. "जुन्या रस्त्याची सर्व माहिती द्या" असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. रस्ता क्रमांक, साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) कुठून कुठपर्यंत, आणि नेमकी कागदपत्रं मागा : अवर्गीकरणाचा (रस्त्याचा दर्जा काढून घेण्याचा) शासन निर्णय, ताबा पावती, शेवटच्या नूतनीकरणाचं वर्ष, रस्ता नोंदवहीतलं त्या साखळीचं पान. प्रतींचा दर पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस.

दुसरी खिडकी भूमी अभिलेख कार्यालयाची. जुन्या गावनकाशात रस्ता बिननंबरी पट्टी म्हणून दिसतो. रुंदीकरणासाठी जमीन घेतली असेल तर कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या वाढ-घटीची नोंद) झालेलं असतं. त्या "कजाप"वर भूसंपादनाचा संदर्भ आणि क्षेत्र मिळतं, आणि त्यावरून रुंदीकरणाचं वर्ष निघतं. सातबारा बघून थांबू नका, त्यात बहुतेक वेळा फक्त उरलेलं क्षेत्र दिसतं.

खडीमुरूम :

यात एक भर. दर्जा उतरला म्हणून जमिनीची रुंदी कमी होत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषात सपाट, मोकळ्या भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाला जमिनीची नेहमीची रुंदी ४५ मीटर, प्रमुख जिल्हा मार्गाला २५, इतर जिल्हा मार्गाला १५, ग्रामीण मार्गाला १२. डोंगरात महामार्गालाही २४. राज्य महामार्ग उतरून ग्रामीण मार्ग झाला तर घेणाऱ्याला वाटतं आपल्याला १२ मीटर पुरे, आणि उरलेल्या पट्टीत टपऱ्या, कुंपणं, वीटभट्ट्या येतात. मग पाणी जायचा चर बुजतो, कारण चर नेमका त्या पट्टीतच असतो.

गटनकाशा :

अगदी बरोबर. आणि सार्वजनिक रस्ता वापरात नाही म्हणून शेजारच्या खातेदाराचा होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते शासनाचे. लोकांचा वहिवाटीचा हक्क संपवायचा असेल तर कलम २१ ची रीतसर कार्यवाही लागते : जाहीर सूचना, हरकती, मग आदेश. "रस्ता बंद झालाय" असं कोणी म्हणालं तर तो आदेश दाखवा म्हणायचं.

रा_मा_प्रवासी :

२०१७ मध्ये शहरांतले अनेक राज्य महामार्ग अचानक अवर्गीकृत झाले, त्याचाही इथे संबंध येतो ना?

गटनकाशा :

येतो, पण तो निराळा प्रकार. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री बंद करण्याचा निकाल दिला, १ एप्रिल २०१७ पासून लागू. २० हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या ठिकाणी नंतर हे अंतर २२० मीटर झालं. त्यावर अनेक राज्यांनी, आपल्यासह, शहरातून जाणारे राज्य महामार्ग स्थानिक संस्थांकडे सोपवायला घेतले, म्हणजे ते महामार्ग राहणार नाहीत आणि बंदी टळेल. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतल्या परवानाधारक दुकानांना ही बंदी नाही असा खुलासा केला, तेव्हा मूळ गरजच उरली नाही. पण जे रस्ते पालिकांकडे गेले त्यांच्या देखभालीचा बोजा बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला. रस्त्याचा दर्जा वाहतुकीवरून ठरावा. तो दुसऱ्याच कारणाने बदलला की कुठल्याच रस्ते विकास योजनेशी मेळ बसत नाही. म्हणून २०१७ चे आदेश शोधताना शासन निर्णयांत "अवर्गीकृत" आणि "हस्तांतरण" हे दोन्ही शब्द घालून शोधा.

मैलदगड :

दगडांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. राष्ट्रीय महामार्गाच्या किलोमीटर दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, जिल्हा मार्गाचा काळा किंवा निळा, ग्राम सडक योजनेचा नारिंगी. दर्जा बदलला की दगड बदलत नाहीत, वरून रंग मारतात. म्हणून माथ्याच्या मागच्या बाजूला, जिथे पाऊस कमी लागतो, नखाएवढा पोपडा काळजीपूर्वक बघा. पिवळ्याखाली हिरवा निघाला तर राज्य महामार्गाचा राष्ट्रीय झाला, हिरव्याखाली पिवळा तर उलट. खरवडत बसू नका, सुटलेला पोपडा पुरतो. फोटो काढताना शेजारी रंगांची पट्टी किंवा निदान पांढरा कागद धरा, नाहीतर उन्हात काळा-निळा ओळखू येत नाही.

मैल आणि किलोमीटर यांत फसगत होते. मधले छोटे दगड मैलांच्या काळात फर्लांगाचे, आता २०० मीटरचे. एक फर्लांग २०१.१७ मीटर, म्हणजे दोन दगडांतलं अंतर टेपने मोजून काहीच कळत नाही. मोजायचे ते दगड : दोन मोठ्या दगडांमध्ये सात छोटे असतील तर मैल, चार असतील तर किलोमीटर. एखाददुसरा हरवलेला असतो, तेव्हा मोठ्या दगडांतलं अंतर बघा, १६०९ मीटर की १०००. मैल जाऊन किलोमीटर आले ते १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर, तेव्हा जागेवर उभा मैलाचा दगड म्हणजे ती आखणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीआधीची.

पण उखडून कोणाच्या अंगणात नेलेला दगड पुरावा म्हणून धरू नका. दगड मूळ जागेवर आहे का ते त्याच्या पायथ्याचा चुना-काँक्रीटचा गोळा बघून ठरवा.

दगड नसतील तर झाडं. शेताच्या मधोमध सरळ ओळीत वड किंवा चिंच, १०-१२ मीटरच्या अंतराने दोन ओळी, आणि एखाद्या बुंध्यावर गेरू-चुन्याच्या पट्ट्यांची पुसट खूण. तो जुना रस्ता. बांधावरची झाडं अशी दुहेरी ओळीत नसतात.

नकाशेवेडी :

नकाशावर बसवायची पद्धत देते. बोरघाटासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं ४७ एफ/५ हे नकाशा-पत्रक खोपोली-खंडाळ्याचं, आणि लोणावळा १८ अंश ४५ मिनिटांच्या रेषेच्या जरासं खाली असल्याने ४७ एफ/६ मध्ये जातं. दोन्ही घ्या, रस्ता नेमका त्या कडेवरून जातो. जुनी आवृत्ती इंचाला मैल म्हणजे १:६३,३६०, नंतरची १:५०,०००. दोन्ही मिळाल्या तर मधल्या काळातला बदल उघड दिसतो. १९५० च्या दशकातली यू-५०२ मालिका १:२,५०,००० ची आहे, ती दिशा कळायला ठीक, वळणं शोधायला निरुपयोगी.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशे हाताळायचा संगणक-प्रोग्राम) पत्रक निर्देशांकांना जोडताना फक्त चार कोपरे घेऊ नका. पंधरा मिनिटांच्या पत्रकावर दर पाच मिनिटांच्या रेषांचे १६ छेद मिळतात, ते सगळे घ्या. कागद आकसलेला किंवा घडी पडलेला असतो, त्यामुळे एखादा छेद जास्त चूक दाखवतो, तो वगळा. आणि सर्वांत महत्त्वाचं : जुनी पत्रकं एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती रूप) आहेत. निर्देशांक थेट जीपीएसच्या पद्धतीत टाकले तर अख्खा नकाशा शंभरेक मीटर सरकतो, आणि घाटात तेवढ्यात रस्ता दरीत जाऊन पडतो. आधी कल्याणपूर १९७५ ही त्या लंबगोलावरची निर्देशांक-पद्धत निवडा, मग रूपांतर करा. तपासायला देऊळ, तलावाचा बांध किंवा रेल्वेचा पूल घ्या. नदीचं पात्र घेऊ नका, ते हलतं. १:५०,००० वर १ मिमी म्हणजे ५० मीटर, तेव्हा याहून जास्त अचूकतेचा दावा करू नये.

कोवळी_पालवी :

वाहतूक गेल्यावर रस्ता जास्त टिकायला हवा ना? उलट लवकर का खराब होतो?

खडीमुरूम :

डांबर चाकांनी मळलं जातं तोवर चिवट राहतं. वाहतूक थांबली की ते उन्हाने आणि हवेने कडक होतं, बारीक भेगा पडतात आणि पाणी खाली जातं. घाटमाथ्यावर मुरूम निचरा करतो, पण देशावर काळी माती असेल तर ती फुगते आणि कडेने लांबच लांब भेगा येतात. त्यात साईडपट्टीवर गवत वाढतं, गवतात माती अडते, दोन-तीन वर्षांत साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच होते. मग पावसाचं पाणी रस्त्यावरच उभं राहतं. अशा रस्त्यावर आधी डांबर टाकणं म्हणजे पैसे वाया.

क्रम असा ठेवावा. डोंगराकडचा चर आणि मोऱ्यांची तोंडं मोकळी करा. साईडपट्टी छिलून रस्त्याच्या कडेपेक्षा खाली आणा. मग बाक तपासा : ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्याला २.५ टक्क्यांनी मध्य कडेपेक्षा ४५ ते ५० मिमी उंच हवा. आडवी दोरी ताणून लगेच कळतं. त्यानंतर खड्डे. खड्डा चौकोनी, उभ्या कडांचा कापा, धूळ काढा, डांबराचा पातळ हात द्या, थर दाबा. २० मिमी कारपेटला (वरच्या डांबरी थराला) १० चौरस मीटरमागे ०.२७ घनमीटर खडी आणि सुमारे १४.६ किलो डांबर लागतं. ओल्या खड्ड्यात भरलेला माल पहिल्या पावसात निघतो.

जिथे डांबर पुरतं गेलंय आणि खालची खडी शाबूत आहे, तिथे गावाला झेपणारा उपाय म्हणजे खडीकरणाचा एक थर : ६३ ते ४५ मिमी खडी, दाबून ७५ मिमी. ३.७५ मीटर रुंदीच्या १ किमीला साधारण ३६० घनमीटर सुटी खडी, वर पाणी मारून ८-१० टनी रोलर, आणि बंधक म्हणून मुरूम. मुरूम चिकट असला तर पावसात थर घसरतो, म्हणून मुठीत ओला करून वळवटी होते का बघा. झाली तर तो मुरूम नको. दिवसाला हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यासाठी हे नाही, पण शेतमाल, सायकली आणि शाळेची गाडी यांना पुष्कळ झालं.

घाटात मात्र यापेक्षा कोरड्या रचाईच्या (चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडांच्या) संरक्षक भिंतींवर लक्ष द्या. त्यांच्यातून पाणी झिरपतं म्हणूनच त्या शंभर-दोनशे वर्षं उभ्या आहेत. पुढून सिमेंटचा गिलावा केला की मागे पाणी कोंडतं आणि भिंत पोट काढते. पोट आलेली भिंत दिसली तर वरून वाहन नेऊ नका.

घाटवारा :

शिंग्रोबाच्या बाजूने पायी बघायला जायचं असेल तर?

सह्यवाट :

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाही, दरडी आणि घसरण दोन्ही. जुना रस्ता चालू आहे तिथे वाहनं येतात, म्हणून डोंगराच्या बाजूने, गटाराकडेने चाला. द्रुतगती मार्गावर पायी जायला मनाई आहे. दोन आखण्या जिथे एकत्र होतात तिथून मागे फिरायचं, पलीकडचा तुकडा खंडाळ्याच्या बाजूने वेगळा गाठायचा. रेल्वेच्या हद्दीत शिरू नका, रूळ चालू आहेत. वनहद्दीत जाण्याआधी वनखात्याला विचारा.

नकाशेवेडी :

जे बघाल ते ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येईल असा खुला नकाशा) टाका, पण दोन शेरे वेगळे ठेवा. चालता किंवा गाडीने जाता येतं पण वापर नाही, तो "डिसयूज्ड". पृष्ठभागच गेला आणि फक्त भराव किंवा कटाई उरली, तो "अबॅन्डन्ड". जिथे शेत झालं आणि जमिनीवर काहीच दिसत नाही, तो तुकडा तिथे काढू नका, तुमच्या क्यूजीआयएस फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक मोरीला वेगळा बिंदू, गाळा, दगड की काँक्रीट, आणि सांध्याचं अंतर एवढं तरी नोंदवा. ४७ एफ/५ चे १६ छेद मी जोडून ठेवते, मोऱ्यांचे बिंदू इथे खालीच द्या, म्हणजे सगळे एकाच थरावर बसवता येतील.

मोरीकाम :

बिंदू घेताना वरच्या तोंडाचा आणि खालच्या तोंडाचा असे दोन घ्या. झाडीखाली मोबाइलचं जीपीएस १०-१५ मीटर चुकतं आणि मोरीची लांबीच तेवढी असते. लांबी टेपनेच मोजा.